तेराव्याच्या टोप्या

रेगेन्सबर्ग, २१ जानेवारी २००७

सत्यजित,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते. तो मनापासून आहे असं समजू नकोस.

अकरा वर्षांनी तुला अक्का आठवली, तीही ईमेलवर, तीही कपिलच्या ऑफिसच्या पत्त्यावर. ‘प्रिय अक्का, तिकडे थंडी कशी आहे?’ थंडी छान आहे. अण्णा गेले तेव्हा मे महिना होता आणि पुण्याहून सांगलीला यायला तुला ऊन सोसत नव्हतं. बापाच्या दहाव्याला मुलगा नव्हता. आपलं बोलणं तुटलं ते हवामानावर, आणि आता तू जोडायला निघालास तेही हवामानावरच. माझ्या गुडघ्यांची चौकशी तुला सुचली नाही ते एक बरं झालं. खोटी चौकशी मला पचत नाही.

मी हातानं लिहितेय. कपिल हे ऑफिसात स्कॅन करून तुला पाठवील. वाचणार नाही म्हणतो, पण वाचतो. वाचू दे, मामा कसा आहे ते त्यालाही कळू दे.

आता तुझं काम. इथल्या फ्राऊ लिंडनर नावाच्या हॅटवालीनं तुझ्या ब्लॉगवर अण्णांच्या टोप्यांचे फोटो पाहिले. साहेबी फेल्ट हॅटची कड कापलेली, काठ वर दुमडून करवतीसारखे दाते पाडलेले, अंगभर सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं आणि बिल्ले. तिला दुकानाच्या वरच्या मजल्यावर प्रदर्शन भरवायचंय, जुन्या सिनेमांतल्या, चित्रकथांतल्या, नाटकांतल्या असल्या घरगुती विनोदी टोप्यांचं. तू मार्चमध्ये टोप्या घेऊन येणार, भाषण करणार आणि माझ्याकडे उतरणार. इथवर ठीक.

मग ते शेवटचं वाक्य. ‘अण्णांच्या कामाबद्दल तिथे कुणाकडे, विशेषतः मराठी मंडळात, बोलू नकोस. सुमेधाचं ठरत आलंय, मुलाकडची माणसं जुन्या वळणाची आहेत, आणि त्यांचे नातेवाईक जर्मनीत सगळीकडे आहेत.’

सत्या, मी तुझा ब्लॉग वाचला. मैथिलीनं, माझ्या सुनेनं, लावून दिला. ‘आमचे वडील दिनकर हरिपूरकर, रंगभूमीचे वेशभूषाकार. टोप्यांचं फेल्ट खास इंग्लंडहून येई.’ हरिपूरकर! अण्णांनी हे आडनाव जन्मात ऐकलं नव्हतं. ते जन्मले भट आणि गेले भट. बँकेत लागल्यावर हे नवीन आडनाव तू लावलंस, तेव्हा मी गप्प बसले. आता मेलेल्या बापालाही लावलंस. वाचून मला किळस आली, अक्षरशः तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

ये. जेवायला घालीन, गरम पाणी देईन. खोटं मात्र बोलणार नाही, एवढं समजून ये.

अक्का


रेगेन्सबर्ग, ११ फेब्रुवारी २००७

सत्यजित,

काल मैथिलीला घेऊन फ्राऊ लिंडनरच्या दुकानात गेले. (मैथिलीला सगळं माहीत आहे. लग्नाआधीच मी तिला बसवून सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘मग काय झालं, आई?’ आणि पुढे भेंडी चिरायला लागली. तेव्हाच मी ठरवलं की ही सून चालेल.)

बाई सत्तरीची, उंच, हातांना फेल्टचा वास. मला तो वास दारातच आला आणि मी खुर्ची मागितली. तिनं जमवलेले फोटो दाखवले. अमेरिकेत गॅरेजमध्ये काम करणारी पोरं बापाच्या जुन्या हॅटची कड कापून, दाते पाडून घालायची, म्हणजे तेल केसांत गळत नसे. मग शाळेतली पोरं घालायला लागली, मग व्यंगचित्रांत आणि सिनेमांत प्रत्येक वात्रट पोराच्या डोक्यावर ती आली. इथेही युद्धानंतर बायकांनी जुन्या हॅटा कापून पोरांना टोप्या केल्या. ‘बघा,’ ती म्हणाली, ‘जगभर एकच कल्पना.’ मैथिलीनं मराठीत सांगितलं. मी म्हटलं, तिकडची पोरं जिवंत बापाच्या हॅटा कापत होती. फरक आहे. मैथिलीनं एवढ्याचं भाषांतर केलं नाही.

तू पाठवलेला मजकूर टोप्यांखाली लावायला तयार होता, छापून. इंग्लंडचं फेल्ट. वेशभूषाकार. मी तो पाटीवरचा कागद हातात धरून उभी राहिले आणि मला वाटलं, हा माणूस घाटावर माझ्या बापाच्या मागे दर्भ घेऊन चालायचा तोच का?

तू काही विसरलेला नाहीस हे मला माहीत आहे, म्हणूनच लिहिते. सांगलीत तेव्हा वकील, डॉक्टर, स्टेशनमास्तर सगळे फेल्ट हॅट घालायचे. माणूस गेला की तेराव्याला त्याची छत्री, जोडा, अंथरूण आणि डोक्यावर जे असेल ते भटजीला द्यायचं, गेलेल्याला पुढच्या वाटेवर ऊन लागू नये म्हणून. ते दान घ्यायला सत्यनारायणाचे भटजी येत नाहीत. त्याला घाटावरचे लागतात, म्हणजे अण्णा. लग्नामुंजीत त्यांना बोलावणं नाही, आईला कुणाचं हळदीकुंकू नाही, रस्त्यात अण्णा समोर आले की लोक थांबून दुसरीकडे बघायचे. आणि घरात माणूस गेला की तेच लोक आपल्या मागच्या दाराशी, पायातल्या वहाणा न काढता.

धोतरावर हॅट घालून अण्णा कुठे जाणार? एका वकिलांची हॅट त्यांनी पंक्चरवाल्याला देऊन टाकली. आठवडाभरात त्या गेलेल्या वकिलांचा मुलगा दारात उभा. ‘माझ्या वडिलांची हॅट पंक्चरवाल्याच्या डोक्यावर?’ पुढे तो जे बोलला ते मी लिहीत नाही. त्या दिवशी अण्णांनी आईची कात्री उचलली. हॅट कुणाला ओळखू येता कामा नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. कड कापली, काठ दुमडला, दाते पाडले. मग त्यावर बुचं. बुचाच्या आतली कॉर्कची चकती काढायची, पत्रा बाहेरून, चकती आतून, मध्ये फेल्ट, आणि अंगठ्यानं दाबायचं. तू ब्लॉगवर जिला ‘अद्वितीय शैली’ म्हणतोस ती भीतीपोटी जन्मली.

हॅटला वाफ द्यायचं काम माझं. किटलीवर धरली की फेल्ट मऊ होतं, आणि मऊ होताना त्यातून माणूस बाहेर येतो. डोक्याचं तेल, घाम, विडी, शेवटच्या आजारातलं औषध. आतल्या चामड्याच्या पट्टीवर काळं मेण बसलेलं असायचं, ते मी सुरीनं खरवडायची. मी दहा वर्षांची होते. कुणाची हॅट ते मला वासावरून कळायचं, कारण त्या लोकांच्या मुली माझ्या वर्गात होत्या, बाकावर माझ्यापासून लांब सरकून बसायच्या आणि त्यांच्या वेण्यांनाही तेच घरचं तेल असायचं. आजही वाफ तोंडावर आली की मला मळमळतं. तेव्हा मला त्या टोप्यांचं कौतुक सांगू नकोस. मला त्या कधीच आवडल्या नाहीत.

पण मेळा आठव. गणपतीत विनोदी काम करणाऱ्या त्या शिंप्यानं पहिली टोपी घातली आणि मंडप हसून लोळला. मग शाळेतल्या पोरांना हवी झाली, मग नाटक कंपन्यांना, मग कोल्हापूरच्या एका सिनेमात नायकाच्या मित्राच्या डोक्यावर अख्खं गाणंभर नाचली. मुलांच्या मासिकाच्या दिवाळी अंकावर आली. पुढे ऑर्केस्ट्रातले नकलाकार घालायचे. मग संपलं. माणसं मरायची थांबली नाहीत, हॅट घालायची थांबली.

ज्यांच्या ओसरीवर अण्णांना पाणी मिळत नव्हतं, त्यांची पोरं अण्णांची टोपी घालून नाचत होती, आणि आतली पट्टी त्यांच्याच आजोबांची असायची. अण्णा मंडपामागे अंधारात उभे राहून बघायचे आणि तोंडावर उपरणं धरून हसायचे. तू त्यांच्या खांद्यावर असायचास. हे तू इंग्लंडच्या फेल्टखाली गाडायला निघालास.

मला एवढंच हवंय. एकदा, चारचौघांत, म्हण की माझे वडील घाटावर दहाव्या-तेराव्याचं काम करत आणि या टोप्या तिथल्या आहेत. एकच वाक्य.

अक्का


रेगेन्सबर्ग, २० फेब्रुवारी २००७

सत्यजित,

फोनवर तू म्हणालास, ‘अक्का, ती घाण आता कशाला ढवळायची?’ मी फोन ठेवला. अण्णांच्या भाकरीला तू घाण म्हणालास. तू त्याच भाकरीवर बी.कॉम. झालास.

आज इथे फाशिंगचा, म्हणजे यांच्या शिमग्याचा, शेवटचा दिवस. कादंबरीला मिरवणूक दाखवायला नेलं होतं. (माझी नात. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आमचं छान चालतं.) रस्ताभर मोठमोठी माणसं फेल्टच्या वेड्यावाकड्या टोप्या घालून, पिसं खोचून, बिअर पिऊन हिंडत होती. एकानं भिंतीला धरून स्वतःच्या टोपीत ओकलं. टोपी झटकली आणि परत डोक्यावर ठेवली. शेजारची बाई हसली, त्याच्या खांद्यावर थोपटलं. कादंबरी म्हणाली, ‘ईगिट, आजी!’ म्हणजे शी. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, बाळा. पण उद्या हाच माणूस ऑफिसात टाय लावून बसेल आणि सगळे त्याच्याशी हात मिळवतील. त्याची घाण धुतली जाते. अण्णा रोज नदीत बुडी मारून घरी यायचे, त्यांची कधीच धुतली गेली नाही.

तू म्हणतोस सुमेधाचं काय. सुमेधा माझी भाची आहे, तिचं वाईट मला नको. पण जी माणसं आजोबांचं काम ऐकून उठून जातील, त्यांच्या घरात ती आयुष्यभर काय काय लपवीत बसणार? तिला तरी ठाऊक आहे का? तू यावर गप्प बसलास, म्हणजे नाही.

वाक्याचं विचारलं तर ‘बघू’ म्हणालास. ‘बघू’ म्हणजे नाही, हे मी तुझ्या लहानपणापासून ओळखते. तरी वाट बघते आहे. खोली तयार आहे. केलरमधली, म्हणजे तळघरातली, जादा गादी वर आणून ठेवलीय.

अक्का


रेगेन्सबर्ग, २६ मार्च २००७

सत्यजित,

तू जाऊन दोन दिवस झाले. पोचल्याचा फोन कपिलला केलास, मला नाही.

आधी चांगलं लिहिते, म्हणजे वाईट लिहायला मोकळी. सतरा तारखेला, लिंडनरबाईच्या माडीवर, तू बोललास. इंग्रजीत, पण बोललास. घाट, तेरावा, हॅटचं दान, आईची कात्री, सगळं. ‘हॅट्स ऑफ द डेड’ म्हणालास तेव्हा लोकांनी श्वास रोखला. मी मागच्या खुर्चीत बसून रडले, मैथिलीनं टिश्यू दिले. मला वाटलं, माझा भाऊ परत आला. एका म्हाताऱ्यानं टोपी नाकाशी नेऊन हुंगली आणि ‘उनग्लाउब्लिश’, म्हणजे विश्वास बसत नाही, असं म्हणाला, तेही मी सोसलं. लिंडनरबाईनं जुनी पाटी काढून नवी लावली. त्या रात्री मी तुला साजूक तुपातला शिरा करून घातला, आठवतं ना?

मग शनिवारी मंडळाचा पाडवा. हॉल भरलेला, पुण्या-मुंबईची सगळी इंजिनियर मंडळी, बायका नऊवारीत. शुभानं, मंडळाची सेक्रेटरी ती, तुझी ओळख करून दिली. तू माईक घेतलास, समोर पाहिलंस आणि म्हणालास, ‘आमचे वडील रंगभूमीचे वेशभूषाकार. फेल्ट खास इंग्लंडहून येई.’

आठच दिवसांत! मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग तुझ्याकडे पाहिलं, तर तू मी सोडून सगळीकडे बघत होतास. सत्या, जर्मनांसमोर खरं बोलायला तुला काय लागत होतं? त्यांना तेरावा आणि बारसं यातला फरक माहीत नाही. तुला टाळ्या मिळाल्या, तू घेतल्यास. जिथे खरं बोलायची किंमत होती तिथे तू पुन्हा इंग्लंडला गेलास. खोट्यापेक्षा मला त्या आधीच्या खऱ्याचीच जास्त शिसारी आली. माझे अश्रू फुकट गेले त्याचाही राग आला.

म्हणून मी उभी राहिले. पुढचं तू अर्धंच पाहिलंस, कारण ‘माझी ट्रेन आहे’ म्हणून तू बॅग उचललीस. ट्रेन संध्याकाळची होती, मला ठाऊक आहे. तू गेल्यावर काय झालं ते ऐक.

मी सगळं सांगितलं. वाफेसकट. मग शुभा म्हणाली, ‘किती इंटरेस्टिंग ना, काकू! आल्झो, चला, आता जेवून घेऊ या, प्लेट्स तिकडे आहेत.’ आणि सगळे माझ्याशी फार गोड बोलले. फारच गोड. एक-दोघींनी वाकून नमस्कारसुद्धा केला.

मी श्रीखंड नेलं होतं. इथल्या क्वार्कचं होतं ते, आपल्या चक्क्यासारखं असतं, आदल्या रात्रीपासून फडक्यात बांधून, केशर घालून. मोठं पातेलं. दरवर्षी सगळ्यांत आधी माझं संपतं, लोक आधीच विचारून ठेवतात. यंदा मी टेबलाशी उभी होते. लोक येत होते, माझ्याकडे बघून हसत होते, आणि डाव पुढच्या भांड्यात घालत होते. दत्ता, शुभाचा नवरा, त्यानं वाटी पुढे केली, मग जणू काही आठवल्यासारखी मागे घेतली आणि हलवा वाढून घेतला. पातेलं जसं नेलं तसं परत आलं, वरच्या पिस्त्यांसकट.

शेजारच्या टेबलावर डुकराची तंगडी ठेवून रोज कँटीनमध्ये जेवणारी माणसं ही. मला रडू आलं नाही. किळस आली. घरी येऊन कपिल, मैथिली, कादंबरी आणि मी दोन दिवस श्रीखंड खातोय.

आणि एक सांगते, ते तुझ्या बाजूचं आहे. ते पातेलं उचलताना मला कळलं की तू कशाला भितोस. तू भितोस ते खरं आहे. पण तू पळालास, आणि मी पातेल्यापाशी एकटी उभी होते, हे मी विसरणार नाही.

अक्का


रेगेन्सबर्ग, ३ एप्रिल २००७

सत्यजित,

हे पत्र भांडायला नाही. कपिलला लगेच पाठवायला सांगितलंय, लगेच वाच.

शनिवारी दत्ताचे वडील पुण्यात वारले. एकुलता मुलगा. पण त्याचा पासपोर्ट व्हिसाच्या ऑफिसात अडकलाय आणि ईस्टरच्या सुट्टीमुळे आठवडाभर मिळणार नाही. अग्नी चुलतभावानं दिला. दहावं तरी आपल्या हातून व्हावं म्हणून तो तडफडतोय. म्युनिकचे गुरुजी सत्यनारायण करतात, वास्तुशांत करतात, हे करत नाहीत. पुण्यात तीन ठिकाणी फोन केले, ते म्हणाले फोनवर असलं होत नाही, इकडे या.

काल तो माझ्याकडे आला. पुढच्या दारानं आला, पण आत येऊन बूट काढावेत की नाही यात बराच वेळ घालवला. शेवटी उभ्यानंच म्हणाला, ‘काकू, त्या दिवशी तुम्ही सांगितलंत ना... तुमच्या वडिलांचं. तुम्हाला काही येतं का त्यातलं?’

चांगलं तोंडावर आलं होतं, की हलवेवालीला विचार. पण त्याची दाढी वाढलेली होती आणि डोळे सुजले होते. आणि अण्णांनी मागच्या दाराला कधी नाही म्हटलेलं नाही. मी म्हटलं, मला येत नाही. मुलींना घाटावर नेत नसत. माझ्या भावाला येतं. मॅट्रिकपर्यंत तो रोज वडिलांबरोबर असायचा, त्याला सगळं तोंडपाठ आहे.

‘ते मामा? पण ते तर म्हणाले, वेशभूषाकार...’

‘फोन करून विचार,’ म्हटलं, आणि तुझा घरचा नंबर दिला. मोबाइलचा नाही, घरचा. हॉलमधला. सोमवारी इथल्या अकराला, म्हणजे तुमच्या अडीचला, तो नदीकाठी उभा राहून फोन करील.

उचल किंवा उचलू नकोस. मी तुला पुन्हा काही सांगणार नाही.

अक्का


रेगेन्सबर्ग, १३ एप्रिल २००७

सत्या,

सोमवारी मीही नदीवर गेले. कुणी बोलावलं नव्हतं, गुडघे दुखत होते, थंडी होती, तरी गेले. ईस्टरमंडे, काठावर चिटपाखरू नाही. दत्ता धोतर नेसून कुडकुडत होता, वरून जॅकेट. शुभानं भाताचे पिंड डब्यातून आणले होते. डबा तिनं परत न्यायचा नाही म्हणून मुद्दाम प्लास्टिकचा आणला होता, तेही मी पाहिलं. दत्तानं फोन लावून दगडावर ठेवला, स्पीकर मोठा केला. घंटी वाजत राहिली. किती वेळ वाजत होती कोण जाणे, मला आयुष्यभर वाजल्यासारखी वाटली.

मग तुझा आवाज. ‘हॅलो.’

मागे माणसं बोलत होती, कपबश्या वाजत होत्या. दत्ता चाचरत म्हणाला, ‘मी दत्ता, जर्मनीहून. अहिल्याकाकूंनी नंबर दिला... दहाव्यासाठी. आपण... आपणच गुरुजी ना?’

शुभानं माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं. मला खात्री होती की तू राँग नंबर म्हणणार, आणि तुझा आवाज मला त्या फोनमध्ये शेवटचा ऐकू येणार.

‘हो,’ तू म्हणालास. ‘मी सांगलीच्या दिनकर भटांचा मुलगा. अण्णा घाटावर हेच काम करत. दक्षिणेकडे तोंड करून बस बाळ, आणि ते जॅकेट काढ.’

मागच्या कपबश्या थांबल्या. ते इथवर ऐकू आलं.

तू सगळं केलंस. एक शब्द अडखळला नाही. दत्ताला रडू फुटलं तेव्हा तू थांबलास आणि म्हणालास, ‘रडून घे, मंत्र कुठे पळत नाहीत.’ हे अण्णांचं वाक्य आहे, सत्या. शब्दन् शब्द अण्णांचं. पिंडाला कावळा आलाच नाही, बदकं आली, दत्ता घाबरला, तर तू म्हणालास, ‘भूक असेल तो येतो, चालेल.’ मी तिथे बर्फासारख्या दगडावर बसले आणि अकरा वर्षांचं रडले. मला तुझा अभिमान वाटला. इतका वाटला की मला माझाच राग आला.

शुभानं नंतर फोन ओल्या टिश्यूनं पुसला. दोनदा. मग माझ्या नजरेला नजर भिडली तशी तो टिश्यू खिशात घातला. तिला मी माफ केलेलं नाही. दत्तानं मात्र खाली वाकून माझ्या पायांना हात लावला, गुडघ्यापर्यंत चिखलात.

बाकीचं काल सुमेधानं फोनवर सांगितलं. मुलाकडची माणसं साखरपुड्याची बोलणी करायला जेवायला आली होती आणि चहा घेत होती. तू फोन उचलून आत जाऊ शकला असतास. गेला नाहीस. सतरंजीवर मांडी घालून, सगळ्यांसमोर, तासभर. मुलाच्या आईनं कप खाली ठेवला तो परत उचलला नाही. ‘कळवतो’ म्हणून गेली. अजून कळवलेलं नाही. सुमेधा म्हणाली, ‘आत्या, मला आजोबांबद्दल काहीच माहीत नव्हतं. बाबा रात्रभर सांगत होते.’ ती रडत नव्हती, चिडली होती. तुझ्यावर. इतकी वर्षं लपवलंस म्हणून. चिडू दे. तिचं काय होईल मला माहीत नाही. तू फार मोठी किंमत मोजायला काढलीस, आणि ती तिच्याही पदरातून जाईल. तू फोन उचलावास असं मलाच वाटत होतं, म्हणून हे ओझं माझंही आहे.

आता काम. काल तेरावा झाला. तू फोनवर दत्ताला सांगितलंस, छत्री, जोडा आणि डोक्यावरचं. त्याचे वडील मागच्या हिवाळ्यात इथे आले होते, तेव्हा त्यांनी एक हिरवी फेल्ट हॅट घेतली होती, ती इथेच कपाटात राहिली. शुभाला ती घरात नको. संध्याकाळी ती दारात आली, पिशवी दोन बोटांनी धरून. ‘काकू, हे कुणाला द्यायचं असतं?’

मी घेतली. वास घेतला, सवयीनं. खोबरेल आहे आणि थोडा तपकिरीचा. मळमळलं, नेहमीसारखंच. लिंडनरबाई मागत होती प्रदर्शनासाठी, तिला नाही म्हटलं.

पार्सल उद्या टाकते आहे. वाफ नीट दे, घाई केलीस तर काठ फाटतो. पत्ता तुझा घातलाय, नाव मात्र मी सत्यजित दिनकर भट असं लिहिलंय. पोस्टमन विचारील, तेव्हा हो म्हणून घे.

अक्का